मंगळवारपर्यंत

पुणे, शनिवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. बाबांना यंत्र लावूनही फोनवरचं अर्धंच ऐकू येतं, आणि आई, तुला शब्दांच्या आधी माझा आवाज कळतो. मागच्या रविवारी तू विचारलंस, "घसा बसलाय का गं?" आणि मी एसीवर ढकलून वेळ मारून नेली. घसा बसला नव्हता. दादा उद्या सकाळी इथून सांगलीला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. त्याला कालच सगळं सांगितलं. दोघं शेजारी बसा, आणि बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधले शब्द गाळू नका.

यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असू शकेल. आहे असं अजून कोणी म्हटलेलं नाही. मागच्या गुरुवारी बायॉप्सी झाली. रिपोर्ट काल यायचा होता, तो आता मंगळवारी येईल. यांना विचारून लिहितेय. आधी "त्यांना या वयात कशाला त्रास" म्हणत होते, आज दुपारी जेवताना आपणहून म्हणाले, "सांग आता."

सुरुवात साध्या तपासणीतून झाली. वर्षातून एकदा ऑफिसतर्फे रक्त तपासतात, त्यात यंदा पीएसए होतं. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी, लघवीची नळी तिच्या मधून जाते. पीएसए हे तिच्यातच तयार होणारं प्रथिन. रक्तात ते साधारण चारच्या आत असावं, यांचं ९.२ आलं. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, ग्रंथी वयानं मोठी झाली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी तो वाढतो. म्हणून सहा आठवडे थांबून पुन्हा तपासलं, ८.८. मग एमआरआय. त्यात डाव्या बाजूला एक डाग दिसला. अशा डागाला एक ते पाच असे गुण देतात, पाच म्हणजे शंका सगळ्यात जास्त. यांच्या डागाला चार मिळाले. त्या संध्याकाळी हे नेहमीसारखे भाजी घेऊन आले आणि मेथी निवडत बसले. निवडून झालेल्या काड्या पुन्हा पानांत टाकत होते, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

बायॉप्सीला आत सोडत नाहीत. तासाभरानं सिस्टर बाहेर आल्या, "नातेवाईक कोण?" म्हणाल्या आणि माझ्या हातात एक खोका दिला. लॅब दुसरीकडे होती, चारच्या आत पोचवायचं होतं. दादाच्या मुलाला यांच्याजवळ बसवलं आणि मी रिक्षा केली. खोक्यात चौदा छोट्या बाटल्या होत्या. बारा नेहमीच्या जागांच्या आणि डाग दिसला तिथल्या दोन, त्यांच्यावर 'टार्गेट' लिहिलेलं. झाकण थोडं उचलून पाहिलं, तर फॉर्मॅलिनचा वास नाकात बसला. प्रत्येक बाटलीत शेवईच्या तुकड्याएवढं काहीतरी पांढुरकं तरंगत होतं. बाबा, बत्तीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले, त्याचे चौदा तुकडे माझ्या मांडीवर होते. गतिरोधक आला की मी खोका मांडीवरून उचलून हातात अधांतरी धरायची. हिसक्यानं त्यातल्या तुकड्यांना काही होत नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आई, कृष्णेच्या घाटावरून खड्याच्या गौरी आणताना तू मला घर येईपर्यंत बोलू द्यायची नाहीस. रिक्षावाला काहीबाही विचारत होता, आणि मी तशीच तोंड मिटून बसले होते.

काउंटरवरच्या मुलीनं बाटल्या दोनदा मोजल्या आणि पावती दिली. आठ दिवस. काल आठ दिवस झाले आणि लॅबचा फोन आला, दोन तुकड्यांवर आणखी एक रंगपरीक्षा करावी लागतेय. मी मटकन खालीच बसले. मग आमच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी शांतपणे समजावलं. निरोगी प्रोस्टेटच्या सूक्ष्म नळ्यांभोवती पेशींचा एक बाहेरचा थर असतो, कॅन्सर असला तर तो थर नसतो. साध्या रंगात तो नीट दिसला नाही, म्हणून खास रंग लावून पाहणार आहेत. यातून वाईटच निघेल असं नाही, चांगलंच निघेल असंही नाही. तेव्हा मंगळवार.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण हे पत्र लिहायचं खरं कारण तीच आहे.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांना, भावाला कुणाला प्रोस्टेटचा त्रास?" हे म्हणाले, "नाही. वडील कंबरेच्या दुखण्यानं गेले." आम्हा सगळ्यांना तेवढंच माहीत होतं. पण एमआरआयनंतर मला चैन पडेना, म्हणून सोलापूरला यांच्या आत्याबाईंना फोन केला. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, सगळं आठवतं त्यांना. प्रश्न ऐकून त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, "ऑपरेशन झालं होतं गं. पण बोलायचं नाही असं ठरलं होतं." त्या रात्री हे स्टूलवर चढले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. सात-बाराचे उतारे, एलआयसीच्या पावत्या, आणि त्यांच्याखाली घडी घातलेलं १९९७ सालचं डिस्चार्ज कार्ड. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलेला, दोन्ही वृषणं काढली.

बाबा, तुम्हाला असल्या गोष्टी आवडतात म्हणून सांगते. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, आणि ते मुख्यतः वृषणांत तयार होतं. ते हार्मोन बंद केलं की तो आवरतो, हे हगिन्स नावाच्या डॉक्टरांनी १९४१ साली दाखवलं आणि १९६६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. रात्री दोन वाजता मोबाइलवर मी हे वाचत बसले होते. ज्या उपचाराला नोबेल मिळालं, तो आमच्या घरात लाज म्हणून पेटीच्या तळाशी गेला. सासूबाईंनी कुणाला सांगितलं नाही, नानांनी मुलांना सांगितलं नाही. हे ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "शेवटी शेवटी नाना मला अंघोळ घालू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे."

बापाला हा आजार असला की मुलाला होण्याची शक्यता वाढते. पन्नाशीच्या आधीपासून यांची तपासणी व्हायला हवी होती, पण नानांचं माहीतच नव्हतं आणि हे अठ्ठावन्नाचे झाल्यावर पहिल्यांदा झाली. आता नाशिकला भावोजींनीही रक्त दिलंय. चिनूलाही सांगून ठेवलंय की चाळिशी आली की डॉक्टरांना हे आपणहून सांगायचं. त्याला मी कार्डाचा फोटो पाठवला, पेटी पुन्हा माळ्यावर ठेवली नाही.

आणि मग मला मिरज आठवलं.

१९८६. मी दहावीत होते. तुम्ही सांगितलंत की आई कोल्हापूरला मामाकडे गेलीय. आई परत आली तेव्हा उजवा हात वर करायची नाही, खुंटीवरची पिशवी मला काढायला लावायची. लग्नाच्या आदल्या वर्षी कळलं की मिरजेला स्तनातली गाठ काढली होती आणि ती साधी निघाली. तेव्हा मी तुमच्यावर किती चिडले होते! परीक्षा म्हणून सांगितलं नाही, असं तुम्ही म्हणालात. पण बाबा, त्या दिवसांतलं एक मला स्वच्छ आठवतं. तुम्ही रोज संध्याकाळी ओसरीवर सायकल उलटी करून सगळी सुटी करायचात. चेन, छरे, ब्रेकच्या तारा, सगळं वर्तमानपत्रावर मांडायचात, रॉकेलनं पुसायचात आणि परत जोडायचात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटायचं, सायकलच बिघडलीय.

मी सध्या डबे पुसते. डाळींचे, मसाल्यांचे, रिकामे सगळे. रोज.

तुम्ही तेव्हा कुणाशी बोललात का हो? आजीशी? बँकेतल्या कुणाशी? की आम्हाला वाढून झाल्यावर ओट्याशी उभं राहून जेवायचात तेवढंच? मला ते ऐकायचंय. आई, तूही सांग. रिपोर्टची वाट बघताना तुला काय हवं होतं, जे कोणी दिलं नाही? मला इथे समजत नाही, यांच्याशी बोलत राहावं की गप्प बसावं. परवा यांनी लॉकरची किल्ली, विम्याच्या निळ्या फायली, वीजबिलाचा पासवर्ड असं सगळं माझ्यापुढे मांडलं. मी ओरडले, "आवरा ते, आत्ता नको!" आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. नंतर वाटलं, त्यांना तेवढंच करता येत होतं, तेही मी करू दिलं नाही. काल मीच फायली मागून घेतल्या. आम्ही दोघांनी मिळून एक यादी केली आणि त्यानंतर यांना शांत झोप लागली.

तब्येत म्हणाल तर ठीक आहेत. बायॉप्सीनंतर तीन दिवस लघवीतून रक्त गेलं, तसं होतं असं आधीच सांगितलं होतं. ताप आला तर एक तासही थांबू नका असं बजावलं होतं, म्हणून मी थर्मामीटर उशीखाली ठेवून झोपले. ताप आला नाही. सोमवारपासून ऑफिसला जातात.

कॅन्सर निघालाच तर काय, तेही सांगते, म्हणजे दोघं अंधारात विचार करत बसणार नाही. तुकड्यांतल्या पेशी किती बिघडल्यात यावरून ग्लीसन नावाचे गुण देतात. सहा म्हणजे सगळ्यात सौम्य. तेवढ्यावर असेल तर कित्येकांना काहीच उपचार देत नाहीत, ठराविक काळानं तपासत राहतात. त्याहून जास्त असेल तर ऑपरेशन किंवा रेडिएशन. पसरलाय का, ते वेगळ्या स्कॅनमध्ये बघतात. नानांच्या वेळी हाडं दुखायला लागेपर्यंत कळलं नव्हतं, यांचं काही दुखत नसताना कळलंय. मी सध्या एवढंच धरून आहे.

आई, तू गणपतीच्या देवळात जाशीलच, जा. माझ्यासाठीही हात जोड. पण गव्हांकुराचा रस, कुणाच्या काढ्याचा पत्ता, असलं काही पाठवू नकोस, यांना नाही म्हणवत नाही आणि मग ते घेत बसतात. इकडे यायची घाईही करू नका. मंगळवारी पाचची वेळ मिळालीय. बाहेर पडल्या पडल्या मी फोन करीन, जे असेल ते सांगीन. तेव्हाही माझा आवाज बसलेला वाटला तर एसी नाही म्हणून समज.

बाबा, आता तुमच्याबद्दल. दादा म्हणाला, तुम्ही रात्री चार-चारदा उठता आणि उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. आईला म्हणे "डास चावतात" सांगता. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. तुमच्या वयात सरसकट पीएसए करत नाहीत, आणि असा त्रास बहुतेक वेळा ग्रंथी नुसती मोठी झाल्यानं होतो, कॅन्सर सुरुवातीला उलट गप्पच असतो. पण मूत्राशय नीट रिकामं होत नसेल तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि ते गोळ्यांनी सुधारू शकतं. म्हणून दादाबरोबर युरोलॉजिस्टकडे जा. पुढचे तीन दिवस किती वेळा उठलात आणि धार कशी होती, ते कॅलेंडरवर त्या त्या तारखेखाली लिहून ठेवा. दूधवाल्याचा हिशोब लिहिता तसंच. आईला दिसेल असं लिहा.

तुमची,
बेबी

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी यांना वाचायला दिलं. दोनदा वाचलं. म्हणाले, "बाबांना लिही, मी पण तिनदा उठतो. ते उठले की मला मिस्ड कॉल द्यायला सांग, मी जागाच असतो."