निम्मं सामान परत पाठव

कराड,
रविवार, दुपार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू इंजिनियरिंगला पुण्याला गेलीस, आणि परवा फोनवर म्हणालीस की हॉस्टेलवर ट्रंक कॉटखाली जात नाही, तर मी उगाच चिडलो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्यात मागून तुझ्या मैत्रिणी हसताना ऐकू आल्या. "अण्णांनी अख्खं दुकान भरून दिलंय" हे तुझं म्हणणं त्या वेळी लागलं. रात्री स्टॉकची वही काढून बघितली. २०० पानी वह्या बारा, फाईल पेजेसचे पाच गठ्ठे, बॉक्स फाईल सहा, पेन्सिली दोन डझन, खोडरबर किती ते लिहिलंच नव्हतं. तुझं म्हणणं खरं आहे.

फोनवर नीट बोलणं होत नाही, दर दोन मिनिटांनी कुणीतरी "काका, स्केचपेन आहे का" म्हणत येतं. आज शटर अर्धं ओढून बसलोय आणि फाईल पेजवरच लिहितोय. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला घाऊकवाल्याचा हिशेब आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

पुढच्या शनिवारी आई येणार आहे. तिच्याबरोबर निम्मं परत पाठव.

वह्या बारापैकी तीन ठेव. वहीवर २०० पानं छापलेलं असलं तरी कागद शंभरच असतात, हे तुला गल्ल्यावर बसून बसून माहीत आहे. जीएसएमचं मात्र कधी सांगितलं नसेन. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. ए-झीरो आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटरचा, आणि त्यातून ए-फोर निघतात सोळा. तुला दिलेल्या वह्या ए-फोर आकाराच्या, कागद ६० जीएसएमचा, म्हणजे शंभर कागदांचे ३७५ ग्रॅम. बारा वह्यांचे साडेचार किलो, पुठ्ठे वेगळे. मी तुला साडेचार किलो कागद दिला आणि वर आईला म्हणालो, पोरीला ट्रंक उचलवत नाही.

बांधीव वही गणिताला आणि मेकॅनिक्सला हवीच. तिथं मागचं उदाहरण उलटून बघावं लागतं, आणि सुट्या कागदात नेमकं तेच सापडत नाही. तिसरी वही रफ. बाकीच्या विषयांना सुटे कागद बरे. कॉलेजात रोज एकच पातळ फाईल ने, त्यात पंच केलेले वीसेक कागद. वरच्या उजव्या कोपऱ्यात विषय, तारीख आणि पान नंबर घाल. एक वेळ तारीख राहिली तरी चालेल, पण पान नंबर राहू देऊ नकोस. पंख्याखाली गठ्ठा उधळला की एकाच तारखेची चार पानं कशी लावणार? शनिवारी रूमवर बसून ज्याचे त्याचे कागद बॉक्स फाईलला लावायचे. बॉक्स फाईल चार पुरतील. पंच करताना कागद मधोमध हलकाच दुमडून ती खूण मशीनच्या बाणाला लाव. दोन भोकांतलं अंतर ८ सेंटिमीटर ठरलेलंच असतं. चुकते ती मधली खूण, आणि मग फाईलमधून कागदांचे कान बाहेर येतात. पोरं येऊन फाईललाच नावं ठेवतात.

दर शनिवारी हे होणार नाही, मला माहीत आहे. मीही रोजचा हिशेब रोज लिहीत नाही. पण दोन शनिवार चुकले तर तिसरा चुकवू नकोस.

जर्नलचं मात्र वेगळं. आपल्या गल्ल्यावरची पाटी आठवते ना, "आज नगद, उद्या उधार"? प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात लिहिलंस तर नगद. राहिलं की उधारी चढते, आणि ती वसूल होते सबमिशनच्या आठवड्यात. इतकी वर्षं ते तोंडावळे मी बघतोय. रात्री नऊला विद्यानगरची पोरं येतात, एकाच गाडीवर तिघं. "काका, फाईल पेज शंभर, इंडेक्स, सर्टिफिकेट, ग्राफ पेपर दहा." साधा की सेमीलॉग, मी विचारतो. ती एकमेकांकडे बघतात. ज्यानं प्रयोग त्या आठवड्यात लिहिला तो कधी असा बघत नाही. हा आठवडा माझ्या धंद्याचा सोन्याचा आठवडा आहे, पण त्या गाडीवर तू असावीस असं मला वाटत नाही.

फाईल पेजेसचे पाचही गठ्ठे अजून फोडू नकोस. काही कॉलेजांत नाव छापलेली पानं तिथूनच घ्यावी लागतात. तसं असेल तर पाचही परत पाठव, इथं खपतील. आधी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. जर्नल बॉलपेननं लिही. जेल पेनची शाई पाण्याची असते, पुण्याच्या पावसात एक थेंब पडला की ओळ पसरते. बॉलपेनची शाई तेलकट, ती टिकते. तुझे आजोबा शाईच्या गोळ्या विकायचे, पाण्यात विरघळवून दौत भरायची. पावसाळ्यात वही पोटाशी धरून शाळेत जायचो आम्ही. असो.

आता ड्रॉइंग. किती शीट हातानं आणि किती कॉम्प्युटरवर, ते सरांना आधी विचार. त्यावर सगळं ठरतं. मिनी ड्राफ्टर, म्हणजे बोर्डाला लावून समांतर रेघा मारायचं साधन, मी बघून दिलाय, तरी बोर्डाला लावल्यावर एक कर. वरच्या बाजूला एक आडवी रेघ मार, ड्राफ्टर तसाच सरकवून खाली दुसरी मार. दोन्ही टोकांना दोन रेघांतलं अंतर मोज. फरक आला तर सांध्याचे नट ढिले आहेत, ते आवळ. एवढं न करता पोरं महिनाभर वाकड्या शीट काढतात आणि मग ड्राफ्टर बदलून मागतात. पेन्सिली दोन डझन दिल्यात त्यातल्या सहा ठेव: टू-एच फिक्या रेघांना, एच आकृतीच्या मुख्य रेघांना, एचबी अक्षरांना. टू-एच दाबून ओढलीस तर कागदावर चर पडतो आणि खोडला तरी जात नाही, तेव्हा हात हलका. शीट गुंडाळायला नळकांडं दिलंय ते ठेव. ओल लागली की कागद फुगतो आणि कालची रेघ आज ड्राफ्टरला जुळत नाही.

कुणीतरी तुला जीटी मारायला शिकवेलच, काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट उतरवायला. मी बोलणारा कोण? वेळ आली तर एखादी मार. पण पहिल्या चार स्वतः काढ. प्रोजेक्शन डोळ्यापुढं उभं राहायला हातानं चुकावं लागतं, असं आपल्याकडे येणारे एक जुने सर म्हणायचे.

कॅल्क्युलेटर ९९१ मॉडेलचा आहे, चारही वर्षं पुरेल. त्यात प्रोग्रॅम भरता येत नाही, म्हणून सहसा परीक्षेत कुणी अडवत नाही. नवीन पेपर सुरू करण्याआधी एकदा साइन ३० दाबून बघ. ०.५ आलं तर डिग्रीत आहे. उणे ०.९८८ आलं तर रेडियनमध्ये अडकलाय. मागच्या बाजूला नेलपॉलिशनं खूण कर, हॉस्टेलवर सगळ्यांचे सारखेच दिसतात.

वर्कशॉपचा ॲप्रन तिथंच घे, पण सुती बघून. टेरिकॉटवर वेल्डिंगची ठिणगी पडली की कापड वितळून अंगाला चिकटतं.

एक गोष्ट सांगायची होती. तू तेव्हा तिसरी-चौथीत असशील. पाटण तालुक्यातल्या एका खेड्यातून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलाला इंजिनियरिंगला नंबर लागलेला. हातात कॉलेजची यादी होती, यादीत होतं नव्हतं ते सगळं मी काढून दिलं. वरून माझ्या मनानं तीन-चार वस्तू घातल्या, "लागतंच" म्हणून. त्यांनी रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले, दोनदा. वर्ष संपल्यावर तो मुलगा एकटाच आला. पिशवीत फ्रेंच कर्व्हचा सेट, स्टेन्सिल, रंगीत शाईच्या बाटल्या, कोऱ्या वह्या, काही तर सेलोफेनमध्येच होतं. "काका, परत घ्याल का?" बिल होतं त्याच्याकडे, जपून ठेवलेलं. मी म्हणालो, विकलेला माल परत घेत नाही. पाटीही होती तशी. त्यानं वाद घातला नाही, पिशवी उचलली आणि गेला.

त्यानंतर यादी घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, कॉलेज सुरू झालं का? नसेल तर फक्त पेन आणि एक वही देतो, बाकीचं पंधरा दिवसांनी या म्हणतो. निम्मे परत येत नाहीत, दुसरीकडे घेतात. आई म्हणते असा धंदा होत नाही. सगळ्यांना असं सांगणारा मी, आणि तुझी ट्रंक भरताना मात्र यादीही मागितली नाही. तू जाणार म्हणून आठ दिवस रोज दुकानातून एकेक वस्तू घरी आणत होतो. तुझी आई बघत होती, बोलली नाही.

पुस्तकं नवीन घेऊ नकोस. आधी लायब्ररीचं कार्ड काढ, मग अप्पा बळवंत चौकात जा. तिथं जुनी पुस्तकं मिळतात, पण पॅटर्न बघून घे. पुणे विद्यापीठात अभ्यासक्रमाला सालाचं नाव असतं, २०१५ पॅटर्न, २०१९ पॅटर्न असं, आणि पॅटर्न बदलला की धडे इकडचे तिकडे होतात. तुमचा कोणता ते सीनियरला विचार. जुन्या पुस्तकात मागच्या मुलानं पेन्सिलीनं काय लिहिलंय ते आधी चाळ. चांगल्या पोराचं पुस्तक मिळालं तर अर्धी शिकवणी मिळते. आणि एखादी बारीकसारीक वस्तू लागली तर तिथंच घे. घरचं दुकान असताना दुसरीकडे पैसे कसे द्यायचे, असं मनात आणू नकोस. एका पेनसाठी आई एसटीनं येणार नाही.

परत पाठवायच्या सामानात खोडरबर सगळे टाक, दोन ठेवून. मोठा स्टेपलर पण पाठव, तो गल्ल्यावरचाच होता. चुकून गेला, आणि चार दिवस मी इथं बिलांना टाचण्या लावतोय.

आणि हो, तू टेबलाचा फोटो पाठवलास त्यात खिडकीजवळ फिक्या रंगांच्या हायलायटरचा सेट दिसला, सहाचा. तो मी दिलेला नाही. आपल्याकडे होता तो, मधल्या कपाटात वरच्या खणात, तू मागितला असतास तर दिला असता. रागावलो नाही. फक्त कितीला घेतलास ते सांग.

तुझा,
अण्णा