इंटर्नशिपचे चार आठवडे वकिली कार्यालयाच्या व्यवहारासाठी हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सनद हातात पडलेल्या नव्या वकिलाला युक्तिवाद थोडाफार जमतो, पण फी किती सांगायची, आगाऊ रकमेची पावती कशी करायची, मुदतींची नोंद कुठे ठेवायची, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ही उणीव इंटर्नशिपमध्ये भरून काढता येते, म्हणून हे पत्र.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. आठवडे वाढवायला नकोत. त्यातले एक चार आठवड्यांचे सत्र कार्यालयाच्या व्यवहारासाठी राखून ठेवावे.

या सत्रात विद्यार्थ्याने सर्वांत आधी नव्या अशिलाची नोंद करायला शिकावे. समोरच्या पक्षाचे नाव जुन्या नोंदवहीत तपासायचे, कारण तोच पूर्वीचा अशील निघाला तर प्रकरण घेण्यातच अडचण असते. मग कागदपत्रांची यादी आणि मुदतीचा तक्ता. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण यासाठी उत्तम. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस, ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार. नवखे हटकून चुकतात ते मधल्या टप्प्यात: १५ दिवस नोटीस पोस्टात टाकल्यापासून मोजतात. तक्रार वेळेआधी दाखल होते आणि टिकत नाही. पोहोचपावतीवरची तारीख तक्त्यात लिहायची सवय लागली, तर ही चूक होणार नाही.

सर्वांत जास्त वेळ पैशांच्या हिशेबाला द्यावा. फीचे अंदाजपत्रक टप्प्यांनुसार करायला लावावे: नोटीस, दाखल करणे, पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद. कोर्ट फी, टपाल, नोटरी, प्रवास हा खर्च वेगळा दाखवावा. ‘सगळे मिळून इतके’ असा एकच आकडा सांगितला की पुढे प्रत्येक तारखेला वाद होतो. अशिलाकडून आलेली रक्कम फीसाठी की खर्चासाठी, याची नोंद ठेवणे बार कौन्सिलच्या नियमांनी बंधनकारक आहे आणि खटला चालू असताना खर्चाची रक्कम अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाही. ‘व्यावसायिक नीतिमत्ता व हिशेब पद्धती’ हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा आहे, पण त्यातला हिशेब वर्गात बहुधा घाईने उरकला जातो.

औद्योगिक वसाहतीजवळच्या कार्यालयांत आणखी एक काम देता येईल. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे खरेदीदाराकडचे येणे थकल्याची निकाली निघालेली फाइल घ्यायची. करारात मुदत असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. खरेदी आदेश आणि बिल समोर ठेवून हे व्याज काढणाऱ्या विद्यार्थ्याला करारातल्या देयकाच्या कलमाचे मोल आयुष्यभर लक्षात राहील.

हिशेबाची वही परक्या मुलाला दाखवायला वकील कचरतात, आणि ते रास्तच आहे. त्यासाठी पहिल्याच दिवशी गोपनीयतेची लेखी हमी घ्यावी आणि नावे झाकलेल्या जुन्या फाइलींवर सराव द्यावा. महाविद्यालयांनी नुसत्या प्रमाणपत्रावर गुण देणे थांबवावे. मुदतीचा तक्ता, अंदाजपत्रक, पावती आणि महिन्याचा जमाखर्च, सगळे वकिलांनी लाल शाईने दुरुस्त केलेले, विद्यार्थ्याच्या इंटर्नशिप डायरीला जोडलेले असावे. बनावट प्रमाणपत्र आणता येते, दुरुस्त्यांसह असे चार कागद आणणे कठीण. विद्यार्थ्याला निदान प्रवासखर्च मिळावा, हेही सांगायला हवे.

मोठ्या शहरातल्या नामांकित फर्मसाठी धडपडण्याचीही गरज नाही. तालुक्याच्या गावी एकटा वकील नोंदीपासून वसुलीपर्यंत सगळे स्वतः करतो, त्यामुळे तिथे चार आठवड्यांत संपूर्ण व्यवहार पाहायला मिळतो. मे महिन्यात न्यायालयांना सुट्टी असते, म्हणून त्या काळात आलेल्या मुलांना ‘आता काही काम नाही’ म्हणून परत पाठवतात. कार्यालयाचे हिशेब लावायला आणि फाइली जुळवायला वकिलांना सवड मिळते ती नेमकी याच महिन्यात. हे सत्र मे महिन्यातच ठेवावे.

आपले,
विधी शिक्षणाशी संबंधित काही वकील व प्राध्यापक, पुणे