मनूच्या चष्म्याविषयी

लेस्टर,
14 नोव्हेंबर

ती. आई, दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

मनूने दुकानातून पाठवलेले फोटो मिळाले. तिला ती सोनेरी तारेची, पायलट घालतात तसली मोठी फ्रेम हवी आहे. वहिनी, तुझं म्हणणं लहानच घ्यायची. आणि आईने कपाटातून स्वतःचा जुना चष्मा काढलाय, की हीच फ्रेम पक्की आहे, हिच्यातच काचा बसवा. दिवसभर मी इथे हेच काम करते, लोकांच्या चेहऱ्यावर फ्रेम बसवण्याचं. घरच्या पोरीबद्दल फोनवर दोन वाक्यं बोलून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मनूची बाजू. वहिनी, याला नखरे म्हणू नकोस. मायनस आठ नंबर म्हणजे सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा घालवेपर्यंत चष्मा. जी वस्तू चोवीस तास चेहऱ्यावर राहणार, ती मुलीला मनापासून आवडायलाच हवी. शाळेत तिला ‘सोडावॉटर’ म्हणून चिडवायचे, ते ती अजून विसरलेली नाही.

इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून मी असंच ऐकते. 1948 साली इथे ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा चष्मेही फुकट मिळू लागले. 1951 मध्ये सरकारने चष्म्यांवर आणि कवळ्यांवर पैसे आकारायचं ठरवलं, तर ती सेवा उभी करणाऱ्या अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. चष्म्याच्या पैशांवरून राजीनामा! मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पण त्या सरकारी फ्रेमचे नमुने मोजकेच होते आणि ते घातले की वर्गात कळायचं, हा गरिबाघरचा. आमच्याकडे येणारे एक आजोबा अजून सांगतात, की शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की चष्मा खिशात जायचा. त्यातलीच गोल तारेची जात 1966 पासून बीटल्सच्या गायक जॉन लेननच्या नाकावर दिसू लागली आणि तरुण पोरं ती मागून घेऊ लागली. 1986 मध्ये सरकारी फ्रेम जाऊन त्या जागी चष्म्याच्या खर्चाला मदत म्हणून सरकारी व्हाउचर आलं, मुलांना ते आजही मिळतं. आणि आता त्याच जुन्या घाटाच्या फ्रेमला लोक आनंदाने भरपूर पैसे मोजतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला गांधीजींचा गोल चष्मा लिलावात 2,60,000 पौंडांना गेला. कुणीतरी तो पाकिटात घालून लिलाववाल्यांच्या टपालपेटीत टाकला होता! तेव्हा मनू, ‘गोल म्हणजे आजोबांची’ असं म्हणू नकोस. तुझ्या वयाच्या मुली इथे येऊन तीच मागतात.

आता आईची फ्रेम. फोटोत नीट पाहिली. गालापर्यंत उतरलेली, आणि काडी वर न जोडता खाली, काचेच्या तळाजवळ जोडलेली. ही 1980 च्या आसपासची खास खूण. त्याआधी काचा खरोखरच्या काचेच्या असायच्या, मोठ्या केल्या की नाकावर वळ उठायचे. मग प्लास्टिकची भिंगं सर्रास आली. त्यांचं वजन काचेच्या जेमतेम निम्मं, त्यामुळे फ्रेम वाटेल तेवढी मोठी करायची सोय झाली आणि लोकांनी ती केली. नव्वदीत पुन्हा सगळं आकसलं, बारीक लंबगोल, मग पट्टीसारख्या चौकोनी. 2010 च्या आधीच जाड काळ्या मोठ्या फ्रेम परत आल्या. आई, तुझी फ्रेम आज फॅशनमध्ये आहे हे खरं. पण तुझा नंबर होता अडीच. मनूचा आठ आहे.

सगळं इथे अडतं. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला आकडे छापलेले असतात, मनू, काढून बघ. तुला आवडलेल्या फ्रेमवर 56□18 असं असेल. 56 मिलिमीटर म्हणजे एका काचेची रुंदी, 18 म्हणजे मधल्या नाकपट्टीचं अंतर. बेरीज 74. तुझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मागच्या कागदावर 60 लिहिलंय. म्हणजे तुझा डोळा काचेच्या मध्यावर येतच नाही, दोन्ही बाजूंना 7 मिलिमीटर नाकाकडे सरकतो. तिथून काचेचा बाहेरचा काठ 35 मिलिमीटर लांब राहतो. मायनसची काच मध्ये पातळ आणि काठाला जाड, आणि ही जाडी अंतराच्या वर्गाने वाढते. साध्या प्लास्टिकमध्ये तुझा तो काठ जवळजवळ 12 मिलिमीटर होईल.

तेच 44□20 ची फ्रेम घेतलीस तर बेरीज 64. डोळा फक्त 2 मिलिमीटर आत, काठ 24 वर. जाडी साधारण साडेसहा. अर्ध्यावर आली! दुकानदार म्हणेल, मोठी घ्या, महागडी पातळ काच टाकू. ती 1.67 ची काच (हा आकडा काच प्रकाश किती वळवते त्याचा, जास्त असेल तेवढी काच पातळ) खरंच पातळ असते, पण 56 च्या फ्रेममध्ये तिचाही काठ 9 च्या आसपास जातो. म्हणजे मोठ्या फ्रेममधली महाग काच छोट्या फ्रेममधल्या साध्या काचेपेक्षा जाड. 44 मध्ये 1.67 टाकलीस तर 5. दादा, पैसे घालायचे तर तिथे घाल.

म्हणून वहिनी, आकाराच्या बाबतीत तुझं बरोबर आहे, पण तू दाखवतेस ती अर्धी तारेची फ्रेम घेऊ नका. तिच्यात खालचा काठ उघडा पडतो. पूर्ण वेढा असलेली, जाडसर अ‍ॅसिटेटची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची, घ्या. काठ फ्रेमच्या जाडीत लपतो आणि आठचा नंबर आहे हे कुणाला चटकन कळतही नाही. मनूला सोनेरी रंग हवाय तर काड्या सोनेरी घ्या, किंवा कासवाच्या पाठीसारखा पिवळा-तपकिरी रंग, तिच्या गव्हाळ चेहऱ्यावर फार खुलेल. आकार गोल किंवा वरून किंचित पसरट. टोकदार कोपऱ्याचा नको, कोपरा जेवढा लांब तेवढी तिथे काच जाड.

दादा, तुझी तक्रार वेगळी, पण मूळ तेच. वाचताना हनुवटी वर करावी लागते म्हणालास. तू अजून त्या पट्टीसारख्या फ्रेममध्येच प्रोग्रेसिव्ह बसवून घेतोस. त्या काचेत वर लांबचा नंबर, खाली वाचायचा आणि मधे हळूहळू बदलत जाणारी वाट असते. फ्रेमला उंचीच नसेल तर वाचायचा भाग कापला जातो. त्या बुटक्या फ्रेमच्या दिवसांत कंपन्यांना आखूड वाटेच्या काचा मुद्दाम काढाव्या लागल्या होत्या, बाहुलीखाली 14 मिलिमीटर असले तरी भागेल अशा. पण तुझ्या फोटोत तेवढेही दिसत नाहीत. आजच्या उंच फ्रेम तुझ्या पथ्यावरच पडल्यात, एक बिनधास्त घे.

लंडनला क्रेव्हन स्ट्रीटवर चष्म्यांचं एक संग्रहालय आहे, 1901 साली सुरू झालेलं, आणि त्याच रस्त्यावर बेंजामिन फ्रँकलिनचं घर, ज्याला बायफोकलचं, म्हणजे एकाच चष्म्यात लांबच्या आणि जवळच्या काचेचं, श्रेय देतात. तुम्ही आलात की नक्की नेईन.

दुकानात गेल्यावर एवढं करा. फ्रेम आधी मनूच्या नाकावर नीट बसवून घ्या, काड्या कानामागे वळवून. तिला मोकळं हसायला सांगा. हसताना फ्रेम गालावर टेकून वर उचलली गेली तर ती नको. मग तिला समोर लांब बघायला सांगून काचेवर प्रत्येक बाहुलीसमोर पेनाने ठिपका काढून घ्या, उजव्याचा आणि डाव्याचा वेगळा, कारण नाक दोन्हीकडे सारखं नसतं. बाहुल्यांचं अंतरही पुन्हा मोजून घ्या, 60 हा आकडा दोन वर्षांपूर्वीचा आहे. ठिपके काढलेल्या फ्रेमचा समोरून फोटो आणि काडीवरचे आकडे मला पाठवा. मी बघून सांगेपर्यंत काचांची ऑर्डर देऊ नका.

मनूला खूप खूप आशीर्वाद.

तुमची,
ताई