मासळीसोबत रेड वाईन नको, चाकोली बघा

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत मासळीच्या ताटावर छान पान आलं होतं, पण सोबत काय प्यावं यात सोलकढीवर भरपूर लिहून शेवटी "वाईन घेणाऱ्यांनी रेड वाईन घ्यावी" एवढं एका ओळीत उरकलंय. त्या एका ओळीसाठी हे पत्र. बांगडा, तारली असली तेलकट मासळी आणि रेड वाईन एकत्र घेतली की तोंडात एक लोखंडी, हिवस चव राहते, कारण रेड वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळत नाही, आणि मग लोक म्हणतात की वाईन आपल्या जेवणाला चालतच नाही. चालते हो, फक्त ती वेगळी असते.

माझा मावसभाऊ जहाजावर इंजिनियर आहे, त्यांचं जहाज स्पेनला बिल्बाओ बंदरात लागलं होतं आणि घरी येताना दादाने तिकडची एक व्हाईट वाईन आणली, नाव चाकोली. स्पेन म्हटलं की आपल्याकडे फार तर तिथल्या रिओहा भागाची रेड कोणीतरी ऐकलेली असते, ही चाकोली तर मुंबईच्या मोठ्या दुकानातसुद्धा मी कधी बघितली नव्हती. स्पेनच्या उत्तरेला बिस्केच्या उपसागराला लागून बास्क लोकांचा मुलूख आहे, तिथली ही. गेतारिया नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, मागे लगेच चढण आणि त्या चढणीवर समुद्राकडे तोंड करून द्राक्षमळे. मॅगेलनच्या मोहिमेतलं जे एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून लवंगा भरून १५२२ साली परत आलं त्याचा कप्तान एल्कानो याच गावचा.

आता खरी गंमत. द्राक्ष म्हटलं की आपल्याला कोरडी हवा, नाशिक-सांगली आठवतं, कोकणात द्राक्ष कोण लावणार. पण तिकडेही पाऊस काही कमी नाही, वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर, आपल्या निम्मा म्हणा पण तो बाराही महिने पडत राहतो, वर खारा वारा. म्हणून ते लोक वेल मांडवावर चढवतात, घड ओल्या जमिनीपासून लांब राहतात, खालून वारा खेळतो आणि बुरशी कमी धरते. द्राक्षाची जात त्यांची स्वतःचीच, होंदारिबी सुरी. अशा ढगाळ हवेत द्राक्षात साखर कमी भरते, आंबटपणा टिकतो, त्यामुळे वाईनमध्ये अल्कोहोलसुद्धा साडेदहा-अकरा टक्क्यांच्या आसपासच. स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवतात आणि आंबताना जो गॅस तयार होतो त्यातला थोडा तसाच राहू देतात, म्हणून जिभेवर बारीक चुणचुण येते.

चव सांगायची तर मीठ लावलेली कैरीची फोड. गोडवा नावालाही नाही. रंग जवळजवळ पाण्याचाच, किंचित हिरवट. तिकडे ती बाटली हात वर करून उंचावरून सपाट रुंद ग्लासात ओततात, थोडीथोडीच, म्हणजे फेस उठतो आणि वास मोकळा होतो. आम्ही मागच्या पडवीत साध्या स्टीलच्या पेल्यात तसंच केलं, थोडी सांडली पण फरक खरोखर कळतो.

आणि सोबत मी मांदेली तळली होती. ही मांदेली मुद्दाम सांगते कारण बास्क लोक चाकोलीबरोबर ज्या छोट्या अँचोव्ही खातात त्याच कुळातली आपली मांदेली आहे. हळद, मीठ, तिखट, थोडं कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ आणि रवा, कडक तळायची, काट्यासकट खायची. एक घास, एक घोट. तेलकटपणा लगेच कापला जातो आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो, जे काम आपण एरवी लिंबाच्या फोडीकडून करून घेतो. तिसऱ्यांच्या सुक्याबरोबरही झकास, तिसऱ्यांचं खारं पाणी आणि ही वाईन एकमेकांना धरून जातात. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीबरोबर मात्र नाही, तिरफळाने जीभ बधिर झाली की असल्या हलक्या वाईनचं काही उरत नाही, तिथे आपली सोलकढीच. बोंबलाबरोबर बघायचं राहिलं, मिळाले नाहीत त्या दिवशी.

साहेब, मला यात सगळ्यात जास्त काय भावलं तर या वाईनला मोठं कोणी समजतच नव्हतं. शेतावर घरच्यासाठी करायची, गावात प्यायची, एकोणिसाव्या शतकात वेलींवर फिलॉक्सेराची कीड आली आणि पुढे कारखाने आले तसे मळे खूपच कमी झाले. मग १९८० च्या दशकात तिथल्या घरांनी परत मनावर घेतलं, १९८९ साली गेतारियाच्या चाकोलीला सरकारी नामांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागातली, ठरलेल्या द्राक्षाचीच ती चाकोली. आता दर वर्षी १७ जानेवारीला गेतारियात चाकोलीचा दिवस असतो आणि नवी वाईन गावासमोर येते.

इकडे आमच्या वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे पण तो बीचा, बोंडूचं म्हणजे काजूच्या रसाळ फळाचं काय? मार्च ते मे बागांमध्ये बी पिळून काढून बोंडू झाडाखाली टाकून देतात, दुसऱ्या दिवशी नुसता आंबट वास आणि माश्या. पलीकडे गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते आणि तिला २००९ पासून जीआय आहे. पण फेणी ही गाळलेली कडक दारू, मला म्हणायचंय ते गाळायच्या आधीच्या, हलक्या, नीट आंबवलेल्या वाईनबद्दल. बोंडूचा रस घसा धरतो हे खरं, पण साबुदाण्याची पातळ पेज घालून ठेवली की तुरटपणा खाली बसतो, हे काही अवघड शास्त्र नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या एवढ्या चांगल्या जाती दिल्या, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७, घराघरात लागल्यात, तर आता बोंडूची आंबट, कोरडी, गोड न केलेली वाईन हा विषय लावून धरायला काय हरकत आहे. जांभळाची, करवंदाची वाईन करतात काही जण, पण त्यात साखर एवढी घालतात की ती मासळीबरोबर जातच नाही, सरबत प्यायल्यासारखं वाटतं. पर्यटक कोकणात मासे खायलाच येतात ना, मग त्या ताटाशेजारी इथलं काहीतरी का नसावं, का म्हणून त्यांनी बाहेरची बियर आणि व्हिस्कीच घेऊन बसायचं.

तर तुमच्याकडे दोन विनंत्या. एक, पुरवणीत मासळी आणि व्हाईट वाईन यावर नीट पान करा, नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांकपासून सुरुवात करा कारण चाकोली आपल्याकडे सहज मिळणार नाही आणि आयात शुल्कामुळे मिळाली तरी महागच पडेल. दुसरं, बोंडूच्या मोसमात तुमचा बातमीदार आमच्या बाजूच्या बागांमध्ये पाठवा, किती माल मातीत जातो त्याचा फोटो छापा. आणि कोणा वाचकाला मुंबई-पुण्यात चाकोली मिळालीच तर दुकानाचं नाव तुमच्या सदरात जरूर कळवा, फक्त घेताना बाटलीवरचं साल बघा, ही वाईन जपून ठेवायची नाही, ताजी असतानाच फ्रीजमध्ये चांगली गार करून संपवायची.

आपली एक वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग