न दुखणारी गाठच आधी दाखवायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्तनांच्या कर्करोगावरचा लेख वाचला. 'गाठ दुखू लागल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे' हे वाक्य तुम्ही चौकटीत ठळक छापले आहे. बायका तेवढेच वाचतात, आणि तेच चुकले आहे.

कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. टणक लागते, बोटाखाली सहज सरकत नाही. दुखणाऱ्या गाठी पुष्कळदा पाळीबरोबर येतात आणि ओसरतात. 'दुखत तर नाही, उसाची तोड उरकू दे' म्हणत बाई हंगाम काढते आणि मिरजेला दवाखान्यात येते तेव्हा काखेतही गाठी लागतात. तुमच्या चौकटीने तिला थांबायलाच सांगितले.

त्या जागेत हे मावले असते: पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात, पाळी गेली असल्यास महिन्याची एक तारीख धरून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी चाचपायचे. आधी हलके, मग जरा दाबून, मग बरगडी लागेपर्यंत. वर गळ्याच्या हाडापासून खाली ब्लाउजच्या पट्टीपर्यंत. काख हमखास राहून जाते, ती विसरू नये. आरशात खळी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, नव्याने आत ओढलेले बोंड किंवा बोंडातून रक्त दिसले, तर गाठ नसली तरी दाखवायचे.

एवढ्यावरही भागत नाही. तिशीनंतर आरोग्यसेविकेकडून तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे, ती उपकेंद्रात मागून घ्यावी. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित सेविकांकडून दर दोन वर्षांनी हातानेच तपासणी करवली. पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. 'आमच्या घरात कुणाला नाही' म्हणूनही गाफील राहू नये. आनुवंशिक कारण शंभरात पाच ते दहा जणींतच सापडते, आणि तेही वडिलांकडून येऊ शकते.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच चौकटीत छापावी, ही विनंती.

आणि लेखाखालीच 'सुई न टोचता गाठ विरघळवणाऱ्या' तेलाची जाहिरात कशी घेतलीत? सुईने तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. गाठ कसली आहे हे त्या तुकड्यावरूनच ठरते, आणि औषधही. तेल चोळण्यात गेलेले तीन महिने त्या बाईला कुणी परत देणार नाही.

— एक परिचारिका, मिरज (जि. सांगली)