लाल रेषा नव्याने आखा: जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदामंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पावसाचा जोर वाढला की सांगलीत एकच चौकशी सुरू होते, ‘आयर्विनला किती?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट चढलं, त्यावर अर्धं शहर बिऱ्हाड हलवायचं की नाही ते ठरवतं. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ च्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला पुन्हा ५४ च्या पुढे. आपल्या खात्याच्या हिशेबात नकाशावरची निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सोळा वर्षांत तीन महापूर सोसलेल्या माणसाला हा हिशेब कोणत्या तोंडाने सांगायचा?

गणित चुकलेलं नाही, गृहीतक शिळं झालंय. मागच्या नोंदींवरून पुढचा पूर काढताना पाऊस आणि नदी पूर्वीसारखीच वागतील असं धरलं जातं. २०१९ चा पूर कित्येक दिवसांच्या संततधारेचा होता. २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला आणि पाणी बघता बघता चढलं. इकडे ओढे बुजवले, पूरपट्ट्यात भराव टाकले, पुलांचे जोडरस्ते पाण्याला आडवे उभे केले. ही करणी आपलीच. लोकही जुनाच हिशेब धरून बसतात. २०१९ ला कितीतरी घरं ‘२००५ ला इथवर आलं नव्हतं’ म्हणून वेळेत हललीच नाहीत.

तेव्हा प्रत्येक मोठ्या पुरानंतर नदीपात्राचे आडवे छेद, म्हणजे ठिकठिकाणची रुंदी-खोली, भरावांसकट पुन्हा मोजा आणि रेषा नव्याने आखा. घराघरांच्या भिंतींवर गाळाची मातकट रेघ राहते. काहींनी शेजारी साल लिहून ठेवलंय. रंगरंगोटीत ती जाण्याआधी तिची उंची नोंदवून घ्या. अशी फुकटची मोजपट्टी कुठल्या खात्याला मिळते?

आणि नकाशावर एक बारीक रेषा देऊ नका, पट्टा द्या: इथवर पाणी नक्की, इथवर बहुधा. बिल्डर मंडळींना तो रुचणार नाही. रेषा दोन फूट इकडे-तिकडे सरकवता येते, पट्ट्याचं तसं जमत नाही.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, मान्य. सध्याची लाल रेषा कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवर आखली आहे, एवढं तरी येत्या पावसाळ्याआधी नकाशावर छापून टाका.

आपला,
एक सांगलीकर