मंत्रीसाहेब, तुम्ही आलात आणि आईचं ऑपरेशन राहिलं

मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

आपलं नाव लिहीत नाही. सोलापुरातल्या प्रत्येक चौकात फ्लेक्सवर ते आहे, शेजारी हात जोडलेले आपण आहात आणि खाली पासपोर्ट फोटोएवढे वीसेक भावी नगरसेवक आहेत. रुग्णालयाचंही नाव लिहीत नाही. आईचं ड्रेसिंग अजून तिथंच व्हायचंय, आणि तिथल्या राबणाऱ्या पोरापोरींवर माझा राग नाही.

मागच्या आठवड्यात आपण त्या सरकारी रुग्णालयातल्या नव्या कक्षाची फीत कापलीत. त्याच वेळी, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, माझी आई उपाशीपोटी ऑपरेशनसाठी तयार होऊन पडली होती. आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा बंद. अंगात हिरवा गाऊन, नाकातली चमकी काढून माझ्या खिशात दिलेली, पायाला वजन लावलेलं. दुपार कलल्यावर सिस्टर येऊन म्हणाली, आज होत नाही, जेवायला द्या. का म्हणून विचारलं तर म्हणाली, साहेब आलेत ना. मोठे डॉक्टर खाली, भूल देणारे खाली, वॉर्डातले मामासुद्धा खाली. सगळे आपल्या वाटेवर उभे. एक स्ट्रेचरही खाली गेलं होतं, त्यावर पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स होते. हे मी ऐकीव सांगत नाही, ते बॉक्स मी स्वतः उतरवू लागलो, स्ट्रेचर मोकळं करायला. पोलिसाने हटकलं.

आपण आलात म्हणून आदल्या रात्री व्हरांड्यातले पेशंट उचलून आतल्या वॉर्डात कोंबले, एका कॉटवर दोन-दोन. भिंतींना रंग दिला. रंगाच्या वासाने दम्याची माणसं रात्रभर खोकत होती. आपण व्हरांड्यातून गेलात तेव्हा तो मोकळा होता, हे आपल्याला छान वाटलं असेल.

तर विनंती क्रमांक एक अशी की कुठल्याही मंत्र्याच्या दौऱ्यासाठी ठरलेलं एकही ऑपरेशन पुढे ढकलू नये, असा लेखी आदेश काढा. त्याला निधी लागत नाही, नुसती सही लागते.

आता आई तिथं कशी पोचली तेही ऐका, कारण त्यातही तुम्ही आहात. आमच्या पूर्व भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि यायची वेळ त्याची त्यालाच ठाऊक. त्या दिवशी पहाटे आलं. सत्तरी ओलांडलेली बाई घागर घेऊन ओल्या फरशीवर धावली, कारण पाणी गेलं तर पुढचे चार दिवस शेजारणीकडे हात पसरायचे. घसरली. खुब्याचा गोळा मोडला. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे साहेब, 117 टीएमसीचं. भरलं की तुम्ही लोक ओटी भरायला येता, फोटो येतात. आम्ही तो फोटो बघत घागरी भरून ठेवतो.

म्हातारपणी खुबा मोडला तर दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं, असं हाडांचे डॉक्टरच सांगतात. नाहीतर छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, माणूस उठत नाही. आमच्या वॉर्डात दोन दिवस म्हटलं की लोक हसायचे. शेजारच्या कॉटवर विजापूरकडचे एक आजोबा होते, त्यांचा मुलगा मोबाईलमध्ये तारीख बघून दिवस नाही, आठवडे सांगायचा. सोलापूरच्या दवाखान्यांवर नुसता सोलापूर जिल्हा नाही, धाराशिव आहे, लातूरकडचे लोक आहेत, कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आहेत. खाटा मात्र आहेत तेवढ्याच. हे काल घडलेलं नाही. आमदार, खासदार, पालकमंत्री सगळ्यांना माहीत आहे.

आणि योजना! मोठ्या तोंडाने सांगता ती महात्मा फुले योजना. दीड लाखाचे पाच लाख केले, पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशन कार्ड चालेल म्हणून जाहिराती केल्या. चालतं, नाही म्हणत नाही. फक्त ते ऑनलाइन दिसावं लागतं. आमचं दिसेना. काउंटरवरचा आरोग्यमित्र (बिचारा बरा मुलगा होता, दोष त्याचा नाही) म्हणाला, काका, बारा अंकी नंबर आणा. रेशनच्या ऑफिसात गेलो तर सर्व्हर बंद. सर्व्हर चालू झाला तर आधारवर आडनाव एका पद्धतीने आणि कार्डावर दुसऱ्या. आम्ही तेलुगू माणसं, आमची आडनावं मराठीत लिहिताना प्रत्येक बाबूने आपापल्या मनाने लिहिलेली. त्याचा भुर्दंड आईच्या खुब्याने भरायचा का? ते निस्तरलं तर मंजुरीला पाठवलेल्या कागदांवर क्वेरी आली. एक्स-रे नीट दिसत नाही म्हणे. मग शनिवार-रविवार आला. मोडलेल्या हाडाला शनिवार-रविवार कळत नाही, पण मंजुरी देणाऱ्याला कळतो.

तेवढ्या वेळात पाठीला जखम झाली. हवेची गादी बाहेरून आणा, पट्ट्या बाहेरून आणा, अमुक इंजेक्शन बाहेरून आणा. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळं मोफत केलं, केस पेपरचे पैसेसुद्धा माफ केले, म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. साहेब, गरीब माणूस केस पेपरच्या पैशाने मरत नव्हता. तो समोरच्या मेडिकलच्या बिलाने मरतो. माझ्या बायकोच्या खात्यात महिन्याला 1500 येतात. 2024 च्या विधानसभेला त्याचे 2100 करतो म्हणालात, ते राहू द्या. ते 1500 आणि त्यावर माझा पगार, दोन्ही त्या मेडिकलवाल्याच्या गल्ल्यात गेले. लाडका कोण झाला ते तुम्हीच ठरवा.

आईबद्दल थोडं सांगतो. आयुष्यभर विड्या वळल्या तिने. वडील यंत्रमागावर, ती घरी सुपात पानं-तंबाखू घेऊन. तिच्या हजार विड्यांच्या मजुरीवर आम्ही भावंडं शिकलो, मी आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. दवाखान्यात उशीखाली तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत विडी कामगाराचं ओळखपत्र जपून ठेवलं होतं. जो कुणी पांढऱ्या कोटात यायचा त्याला ती ते दाखवायची. तिला वाटायचं त्याने काहीतरी होईल. तिला कोण सांगणार की विडी कामगारांच्या कल्याणासाठी विड्यांवर जो उपकर घ्यायचे, तो 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हाच बंद झाला? वळणाऱ्या बायका आहेत तशाच आहेत. त्यांची छाती, त्यांची पाठ, त्यांचे डोळे, सगळं तसंच. कर गेला.

तुमचा पीए हे पत्र वाचून म्हणेल, हा विषय साहेबांच्या खात्याचा नाही. तेही पाठ झालंय आम्हाला. खेड्यातलं आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. शहरातले छोटे दवाखाने महापालिकेचे. जिल्हा रुग्णालय आरोग्य खात्याचं. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षणचं. विडी कामगारांचा दवाखाना थेट दिल्लीच्या श्रम मंत्रालयाचा. पेशंट मात्र एकच, त्याला एकच खुबा. महापालिकेत विचारावं तर 2022 पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. प्रशासकाला मत मागायचं नसतं, त्यामुळे त्याला आमची भीती नाही. आणि ज्यांना मागायचं असतं त्यांनाही नाही, हे आता कळलं.

2023 च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात अठरा माणसं गेली. ऑक्टोबर उजाडला तर नांदेडला चोवीस तासांत चोवीस, त्यात बारा तान्ही बाळं. काय झालं? चौकशी समिती. आणि एका खासदाराने अधिष्ठात्यांकडून संडास साफ करून घेतला, कॅमेऱ्यासमोर. डॉक्टर कमी, नर्स कमी, औषधं वेळेवर नाहीत, आणि शिक्षा संडासाची. केंद्राच्या 2017 च्या आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी 2020 पर्यंत बजेटचा आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्याला द्यावा. आपण निम्म्याच्या आसपास घुटमळतोय. राहिलेला निम्मा कुठं जातो? रंगाला जात असेल, दौऱ्याच्या आदल्या रात्रीच्या.

असं नाही की या सरकारला घाई येतच नाही. विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आडवी येत होती, तर जून 2023 मध्ये ती क्षणात खाली आली. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चाललेली चिमणी! मनात आणलं की होतं. वंदे भारत फेब्रुवारी 2023 पासून आली, मुंबई साडेसहा तासांवर आली. आनंद आहे. एक्स-रेच्या खोलीपासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत अशी एखादी गाडी सोडा की. याच गावचे डॉ. कोटणीस 1938 साली चीनच्या जखमी सैनिकांसाठी गेले, त्यांच्या पुतळ्याला हार घालायला तुम्ही सगळे पक्षभेद विसरून येता. आमच्या गल्लीतली माणसं एका एमआरआयसाठी कर्ज काढून पुण्याला जातात.

आता मतांचं. आमच्या घराने तुमच्याच चिन्हावर बटण दाबलं. वडील होते तेव्हाही, त्यांच्या मागेही. गल्लीत लोक दुसरीकडे झुकले तेव्हा मी भांडलो आहे तुमच्यासाठी. 2024 ला मतदानाच्या दिवशी तुमच्या कार्यकर्त्याने आईला न्यायला दारात रिक्षा पाठवली. दोघांनी दंडाला धरून बसवलं, परत आणून सोडलं, वर चहा. मतदाराला असं गाडीने नेणं कायद्यात बसत नाही म्हणतात, असेना. खुबा मोडला तेव्हा त्याच कार्यकर्त्याला पहिला फोन केला. म्हणाला, दादा, मी बघतो, कलेक्टर ऑफिसात आहे. पुढे फोन बंद. तुमच्या दौऱ्यात मात्र तो तुमच्या मागे दुसऱ्या रांगेत होता, कोरा पांढरा शर्ट, माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. त्याचाही राग नाही. त्याला वॉर्डाचं तिकीट हवं असेल.

विरोधकांकडे जाऊ म्हणाल, तर तेही बघितलेत. तुम्ही गाडीत होता तेव्हा ते गेटवर घोषणा देत होते. गाडी गेली, घोषणा संपल्या, ते चहाला गेले. दोन्हीकडची निम्मी माणसं काल तिकडे होती आणि उद्या इकडे असतील. मग मी पक्ष सोडला म्हणजे नेमकं काय सोडलं, हेही कळेनासं झालंय. 2013 पासून नोटाचं बटण आहे. विधानसभा-लोकसभेला त्याला जास्त मतं पडली तरी खालचा माणूस निवडून येतो. म्हणजे रागाला बटण दिलंय, तार जोडलेली नाही.

ऑपरेशन झालं एकदाचं. डॉक्टर पोरगा रात्रपाळी करून सकाळी उभा होता, डोळे लाल, हात मात्र स्थिर. त्याचे आभार तुमच्यामार्फत नाही, मी स्वतः मानलेत. आई आता घरी आहे. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते. पाठीची जखम भरत नाही.

एक विनंती वर केलीच आहे. आणखी दोन. ऑपरेशनची यादी दवाखान्याच्या दारात लावा: नंबर, दाखल झाल्याची तारीख, ऑपरेशनची तारीख. नाव नको. कुणाचा चिठ्ठीवाला मधे घुसला ते निदान दिसेल. आणि योजनेची मंजुरी रात्री आणि रविवारीही मिळाली पाहिजे, निदान हाडं आणि पोट फाटलेल्यांना.

उत्तर पाठवलंत तर "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे" हे छापील पत्र पाठवू नका. ते माझ्याकडे आहे, पाण्याच्या तक्रारीचं.

आपला,
एक मतदार
पूर्व भाग, सोलापूर